समासातले ईशज्ञान

बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये लिहिलेल्या सटीप बायबलाच्या पानावर मूळ वचनाला फारच थोडी जागा असते. पानाच्या मधोमध एक अरुंद रकाना, त्यात ठसठशीत अक्षरांत लॅटिन बायबलाचा मजकूर, दोन ओळींमध्ये भरपूर अंतर. या अंतरात मुंगीएवढ्या अक्षरांत शब्दांचे अर्थ बसवलेले असतात. डावीकडच्या आणि उजवीकडच्या समासात त्याच बारीक अक्षरांत लांब लांब टिपा उतरलेल्या असतात. कुठे कुठे तर मूळ वचनाच्या चारपाच ओळी आणि बाकीचे सगळे पान टिपांचे. मठांच्या ग्रंथसंग्रहांत असे ग्रंथ शेकड्यांनी होते. त्यांतल्या कित्येकांच्या मागेपुढे उरलेल्या पानांवर किंवा त्याच बांधणीत जोडलेल्या जुड्यांवर ईश्वर, सृष्टी, पाप, संस्कार यांविषयीची छोटी प्रकरणे उतरवलेली असत. बायबल, त्यावरची टीप आणि त्या टिपेतून निघालेले ईशज्ञानशास्त्र, म्हणजे थिऑलॉजी, अशा तीन गोष्टी एकाच पुठ्ठ्यात नांदत होत्या. त्यांचे शेजारपण योगायोगाचे नव्हते. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात ईशज्ञान हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले ते याच समासांतून.

टिपेसाठीचा लॅटिन शब्द ‘ग्लोसा’ मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ जीभ. जिभेवरून भाषा, भाषेवरून परका किंवा अवघड शब्द आणि शेवटी त्या अवघड शब्दाचा उलगडा करणारी टीप, असा त्याचा अर्थ सरकत गेला. मधे मूळ आणि वर-खाली टीका असलेल्या संस्कृत पोथीला त्रिपाठ म्हणतात, चारही बाजूंनी टीका असली तर पंचपाठ. तेव्हा ही मांडणी मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटू नये. फरक मात्र मोठा आहे. त्रिपाठ पोथीतली टीका बहुधा एकाच टीकाकाराची, सलग आणि नावानिशी असते. सटीप बायबलातली टीप म्हणजे गोधडी: ऑगस्टीनचा एक तुकडा, जेरोमचा एक, बीडचा एक, ग्रेगरीचा एक, आणि त्यांना जोडणारा टाका घालणारा माणूस बहुतेक वेळा निनावी. त्यामुळे या पानासमोर बसणाऱ्याला एक प्रश्न पडणे अटळ होते: इथे बोलते कोण, आणि कोणाच्या अधिकाराने?

बाराव्या शतकाच्या कितीतरी आधीपासून मठांत टिपा लिहिल्या जात होत्या. बेनेडिक्टच्या नियमावलीतल्या ४८व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या जोडीने वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत, आणि उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाने एकेक ग्रंथ घेऊन तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावा, असा दंडक आहे. ज्याला रोज वाचायचे आहे आणि ज्याची मातृभाषा लॅटिन नाही, त्याला ओळींच्या मधे काहीतरी लिहावेच लागते. वुर्झबर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयात पौलाच्या पत्रांची आठव्या शतकातली एक प्रत आहे. तिच्यातल्या टिपा काही लॅटिनमध्ये, काही जुन्या आयरिश भाषेत आहेत. जुन्या आयरिशच्या अभ्यासाचा मोठा आधार आज याच टिपा आहेत. पण ईशज्ञानाच्या दृष्टीने तिच्यातली वेगळीच गोष्ट लक्ष वेधून घेते. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने पापापासून दूर राहू शकतो, असे मानणाऱ्या पेलाजियसची शिकवण ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याज्य ठरवली होती. तरीही या प्रतीत त्याच्या नावाचे संक्षिप्त रूप घालून त्याची स्पष्टीकरणे शेकडो वेळा घेतली आहेत. पौल समजायला ज्याचा उपयोग होतो त्याचे घ्यावे, मग मंडळीने त्याला पाखंडी ठरवले असले तरी हरकत नाही, इतका व्यवहारीपणा त्या टीपकारात होता. पुढच्या काळात समास असा सैल राहिला नाही.

या विखुरलेल्या टिपांना एक ठरावीक रूप दिले ते लाँ या गावाच्या कॅथीड्रल शाळेने. तिथला गुरू आन्सेल्म (मृत्यू १११७) आणि त्याचा भाऊ राल्फ यांनी बायबलातल्या एकेका ग्रंथावर पूर्वाचार्यांच्या भाष्यांतून नेमके तेवढे वेचले, छाटले आणि वचनांच्या शेजारी बसवले. स्तोत्रे, पौलाची पत्रे आणि योहानाचे शुभवर्तमान यांवरचे काम आन्सेल्मचे मानले जाते. जुन्या करारातल्या बऱ्याच ग्रंथांवरच्या टिपा गिल्बर्टने रचल्या. अफाट वाचनामुळे त्याला ‘सार्वत्रिक’ असे टोपणनाव पडले होते, आणि पुढे तो लंडनचा बिशप झाला. एका माणसाने, एका बैठकीत, एका आराखड्याने हे काम झाले नाही. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या गतीने ते होत गेले आणि शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसच्या शाळांनी ते आपलेसे केले. मग त्याला नुसते ‘टीप’ म्हटले तरी पुरेसे होऊ लागले. ‘प्रचलित टीप’ या अर्थाचे ‘ग्लोसा ऑर्दिनारिया’ हे नाव नंतर रूढ झाले.

आन्सेल्मच्या शिकवण्याचे सर्वांत बोचरे वर्णन त्याच्या एका अल्पकाळच्या शिष्याने लिहून ठेवले आहे. पीटर आबेलार १११३च्या सुमारास लाँमध्ये आला आणि लवकरच कंटाळला. पानांनी डवरलेले पण फळ नसलेले झाड, घर धुराने भरून टाकणारी पण उजेड न देणारी आग, अशी म्हाताऱ्या गुरूची संभावना त्याने आपल्या आत्मकथनात केली. सहाध्यायांनी आव्हान दिले तेव्हा बायबलातल्या अवघड अशा यहेज्केलावर त्याने दुसऱ्याच दिवशी व्याख्यान दिले. त्याचा युक्तिवाद सरळ होता: शिकलेल्या माणसाला मूळ ग्रंथ आणि टीप हाताशी असली की गुरू कशाला हवा? गंमत अशी, की गुरूला मोडीत काढणाऱ्या आबेलारलाही टीप लागलीच.

टिपेचे काम कसे चाले हे उत्पत्तीच्या पहिल्याच वचनावर चांगले दिसते. मधल्या रकान्यात मोठ्या अक्षरांत ‘इन प्रिन्सिपियो’, म्हणजे ‘प्रारंभी’. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत दोनच शब्द: ‘इन फिलिओ’, म्हणजे ‘पुत्रामध्ये’. काळाचा आरंभ सांगणाऱ्या शब्दावर ख्रिस्ताचे नाव बसवले गेले, आणि जगाच्या निर्मितीच्या पहिल्याच ओळीत त्रैक्याचे सूत्र गुंफले गेले. पिता निर्माण करतो, पुत्रामध्ये निर्माण करतो, आणि पुढच्याच वचनात जलावर तरंगणारा देवाचा आत्मा आहेच. व्याकरणाच्या दृष्टीने ही शब्दार्थाची टीप. पण दोन शब्दांत तिने ख्रिस्ती श्रद्धेचे मध्यवर्ती रहस्य यहुदी ग्रंथाच्या दारातच उभे केले. नुसता शब्दार्थ सांगण्याच्या निमित्ताने एवढे मोठे विधान करण्याची सोय ओळींमधल्या जागेत होती, आणि ती जागा भरणाऱ्यांना याची पूर्ण जाण होती.

समासात याच वचनावर आणखी एक टीप आहे. तिच्यापुढे ‘स्त्राबुस’ असे नाव घातलेले असते. टिपेचा आशय असा: जगाच्या मुळाशी अनेक अनादी तत्त्वे आहेत असे मानणाऱ्यांची चूक मोशेने या एका वाक्यात दाखवून दिली. प्लेटोने ईश्वर, आदर्श नमुना आणि द्रव्य अशी तीन आदितत्त्वे मानली. त्यातले द्रव्य कोणी निर्माण केलेले नाही, आणि ईश्वर आहे तो कारागिरासारखा, स्रष्टा नव्हे. ॲरिस्टॉटलचीही हजेरी लगेच पुढे आहे. मठातल्या ज्या वाचकाने प्लेटोचे एक अक्षरही पाहिले नव्हते, त्याची तत्त्वज्ञानाशी पहिली गाठ अशी समासात, खंडन करण्यासाठी का होईना, पडत होती. ही टीप लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती पुढे वेगळ्या घरात भेटते.

टीपकाराच्या हाती अर्थ काढण्याची ठरलेली हत्यारे होती. पाचव्या शतकातल्या जॉन कासियनने दिलेले यरुशलेमचे उदाहरण मठांमध्ये पाठ असे. यरुशलेम म्हणजे इतिहासात यहुद्यांचे शहर, रूपकात ख्रिस्ताची मंडळी, नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा आणि परलोकाच्या दृष्टीने स्वर्गातले देवनगर. एका शब्दाला चार मजले. समासातल्या टिपांपुढे कधी कधी ‘रूपक’, ‘नीती’ अशा खुणा दिसतात त्या यामुळेच. एकाच वचनाभोवती हे चारही अर्थ एकमेकांना न ढकलता बसलेले असत.

असे पान तयार करणे हे कारागिराचे काम होते. मेंढीचे किंवा वासराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, चौकटीवर ताणायचे, चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने दोन्ही बाजूंनी तासायचे आणि ताणलेलेच वाळू द्यायचे. असे चार दुमडलेले ताव एकात एक घातले की आठ पानांची जुडी होई. शाई माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची. लेखणी हंसाच्या पिसाची. डाव्या हातात चाकू, कारण चुकलेले अक्षर खरवडून काढावे लागे आणि फुगून वर येणारे चर्मपत्र दाबून धरावे लागे. पण खरी कसोटी रेघा आखण्यात होती. सुरुवातीच्या प्रतींत आधी मधला रकाना आखून मूळ वचन लिहीत, आणि नंतर उरलेल्या समासात टिपांपुरत्या वेगळ्या बारीक रेघा ओढीत. टिपा कुठे दाटीवाटीने कोंबलेल्या, कुठे समास रिकामाच, असे मग होई. ११६०च्या सुमारास पॅरिसच्या लेखनिकांनी रीत उलटी केली. सगळे पान टिपांच्या बारीक रेघांनीच आखायचे. टीप प्रत्येक रेघेवर, मूळ वचन एक रेघ सोडून. रकान्याची रुंदी पानागणिक बदलू लागली. टिपा जास्त असल्या की मूळ वचन आक्रसून घेई, कमी असल्या की पसरे.

या बदलाचा अर्थ लहान नाही. आधीच्या पानावर पवित्र वचन यजमान होते आणि टीप पाहुणी. नव्या पानावर मोजमाप टिपेचे, आणि देवाच्या वचनाला त्या मापात बसवून घ्यावे लागले. कोणत्याही धर्मसभेने असा ठराव केला नव्हता, कोणत्याही गुरूने तसे कुठे म्हटलेही नाही. उलट मूळ वचनच सर्वश्रेष्ठ, हे सगळेच एकमुखाने सांगत राहिले. निर्णय फूटपट्टीने घेतला.

एवढ्या पसाऱ्यामुळे सबंध सटीप बायबल एका खंडात मावणे शक्यच नव्हते. स्तोत्रांचा एक ग्रंथ, यशयाचा एक, प्रत्येक शुभवर्तमानाचा एकेक, असे करत वीसेक खंड होत. ते कोणी एकदम घेत नसे. मठात एकेक खंड येत जाई, कधी तिथेच नकलून, कधी दानातून. मठाधिपती बर्नार्डच्या क्लेरव्हो मठाचा संग्रह या बाबतीत बोलका आहे. सिस्टर्शियन संप्रदायाचा नियम होता की आद्याक्षरे एकाच रंगाची असावीत, त्यांत चित्रे नसावीत. मठात लिहिलेल्या प्रती या नियमाप्रमाणे साध्या, एकरंगी आणि विलक्षण देखण्या आहेत. पण फ्रान्सचा राजा सहावा लुई याचा मुलगा हेन्री इथे संन्यासी झाला. तो पुढे बोव्हेचा बिशप आणि मग रीम्सचा आर्चबिशप झाला, आणि त्याचे सटीप ग्रंथ मठाच्या संग्रहात आले. राजपुत्राचे ग्रंथ काही एकरंगी नव्हते. क्लेरव्होचा वाचलेला संग्रह आज त्र्वा शहराच्या ग्रंथालयात आहे. तो आकाराने हजारावर हस्तलिखितांचा असून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याची नोंद झाली आहे.

टिपेतून ईशज्ञान निघाले ते मुख्यतः भांडणातून. पूर्वाचार्यांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की ते एकमेकांशी जुळतातच असे नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की अंत्युखियात त्याने पेत्राला तोंडावर विरोध केला, कारण यहुदी मंडळी आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून बाजूला झाला होता. जेरोमच्या मते हे भांडण लटके होते. लोकांना धडा मिळावा म्हणून दोन प्रेषितांनी संगनमताने केलेले. ऑगस्टीनला हे बिलकूल पटले नाही. पवित्र ग्रंथात एक जरी सोयीचे खोटे शिरले असे मानले, तर मग कोणत्या वचनावर विश्वास ठेवायचा? दोघांचा पत्रव्यवहार कडवट झाला. दोघेही आचार्य, दोघेही संत. सातशे वर्षांनी त्यांची मते एकाच वचनाच्या अंगाला येऊन चिकटली तेव्हा वाचकाला निवड करणे भाग पडले. आणि निवड करायची तर आधी प्रश्न नीट मांडावा लागतो: चांगल्या हेतूने बोललेले खोटे पाप आहे काय? इथे पौल मागे पडला, पेत्रही मागे पडला. उरला तो एक नीतिशास्त्रीय प्रश्न, ज्याला कोणत्याही वचनाची गरज नव्हती. मध्ययुगीन शाळांनी बहुतांशी ऑगस्टीनच्या बाजूने कौल दिला.

वर्गात असे प्रश्न निघत, गुरू त्यांची उत्तरे देत आणि शिष्य ती टिपून घेत. टिपेत न मावणारी ही उत्तरे मग वेगळ्या पानांवर जमा होऊ लागली. त्यांना ‘सेन्तेन्तिया’ म्हणत, म्हणजे विचारपूर्वक दिलेली मते. लाँच्या वर्तुळातून आलेल्या अशा एका संग्रहाचे नाव ‘लिबेर पांक्रिसिस’, म्हणजे सबंध सोन्याचा ग्रंथ. त्यात ऑगस्टीन-जेरोमच्या मांडीला मांडी लावून आन्सेल्म, राल्फ, शांपोचा विल्यम, शार्त्रचा ईव्हो हे त्या काळचे ‘आधुनिक’ गुरू बसले आहेत. परवापर्यंत ज्यांना कोणी वर्गात उलट प्रश्न विचारत होते, ते थेट आचार्यांच्या पंगतीला. आबेलारने तर ‘सिक एत नॉन’, म्हणजे ‘होय आणि नाही’ या ग्रंथात १५८ प्रश्नांवर परस्परविरोधी अवतरणे समोरासमोर मांडली आणि निवाडा न देता सोडून दिली.

निवाडा दिला पीटर लोम्बार्डने. उत्तर इटलीतून आलेला हा विद्यार्थी बर्नार्डच्या शिफारसपत्रावर रीम्समार्गे पॅरिसला पोचला, तिथेच शिकवू लागला आणि ११५९ साली पॅरिसचा बिशप झाला. पुढच्याच वर्षी वारला. स्तोत्रे आणि पौलाची पत्रे यांवर त्याने आन्सेल्मच्या टिपेचा विस्तार केला. आन्सेल्मची टीप लहान, प्वात्येच्या गिल्बर्टची मधली आणि लोम्बार्डची मोठी, अशी त्यांची ओळख झाली. या मोठ्या टिपेत प्रश्न इतके फुगले की पौलाच्या वाक्यांतून वाट काढणे अवघड व्हावे. तेव्हा त्याने ते वचनांच्या क्रमातून सोडवून विषयांच्या क्रमाने लावले. ‘सेन्तेन्तिया’चे चार खंड ११५०च्या दशकात तयार झाले: पहिला त्रैक्यावर, दुसरा सृष्टीवर, तिसरा ख्रिस्ताचा देहावतार आणि सद्‌गुण यांवर, चौथा संस्कार आणि अंतकाळ यांवर. दुसरा खंड उघडला की अगदी आरंभीच प्लेटोची तीन आदितत्त्वे आणि कारागीर ईश्वर भेटतात, उत्पत्तीच्या समासातल्या त्या स्त्राबुसच्या टिपेतून जवळपास जसेच्या तसे उचललेले. तिसऱ्या खंडात खोटे बोलण्याच्या आठ प्रकारांवर ऑगस्टीनच्या आधाराने चर्चा आहे. समासातल्या टिपा उठून मधल्या रकान्यात आल्या होत्या. बायबलचे वचन आता त्यांच्या आधाराला येऊ लागले.

मठांमध्ये या नव्या प्रकाराकडे संशयाने पाहिले गेले. मठाचे वाचन रवंथ करणाऱ्या गाईचे: एक वचन तोंडात घोळवायचे, दिवसभर घोळवायचे, त्याचा रस प्रार्थनेत उतरू द्यायचा. बर्नार्डने ११३५ पासून ११५३ साली मरेपर्यंत गीतरत्नावर ८६ प्रवचने रचली आणि तो तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी येऊन थांबला. त्याला कुठे पोचायचेच नव्हते. शाळेतल्या गुरूला मात्र पोचायचे असते. त्याच्यापुढे वर्ग आहे, प्रश्न आहे आणि उत्तर न दिले तर शिष्य दुसऱ्या गुरूकडे जातात. मठाचे ईशज्ञान आणि शाळेचे ईशज्ञान असा भेद विसाव्या शतकात झां लक्लेर्क या बेनेडिक्टाइन विद्वानाने मांडला आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. पण तो ताणता येत नाही. मठाच्या कपाटांत शाळेतूनच आलेले सटीप ग्रंथ होते, आणि लोम्बार्डला पॅरिसची वाट दाखवणारा स्वतः बर्नार्ड होता.

दोन्ही पद्धतींची उघड टक्कर ११४८ साली रीम्सच्या धर्मसभेत झाली. ईश्वर आणि ईश्वरत्व यांत प्वात्येच्या गिल्बर्टने केलेल्या भेदामुळे त्रैक्याला बाध येतो, असा बर्नार्डचा आक्षेप होता. बर्नार्डचा चिटणीस ओसेरचा जॉफ्री याच्या हकिगतीतला एक तपशील या सगळ्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवतो. गिल्बर्टची माणसे पूर्वाचार्यांचे भलेमोठे ग्रंथच्या ग्रंथ घेऊन आली. बर्नार्डच्या बाजूकडे अवतरणे उतरवलेले एक सुटे पान तेवढे होते. ‘तुमची वचने तुकड्यातुकड्यांची, आमच्याकडे सबंध ग्रंथ आहेत,’ असे टोमणे मारायला गिल्बर्टच्या पक्षाला आयतीच संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी मग बर्नार्डचे लोकही ग्रंथांचा ढीग घेऊन हजर झाले. गिल्बर्ट शेवटी व्यक्तिशः दोषी ठरला नाही. आचार्याचा तुकडा म्हणजे आचार्य नव्हे, हे मात्र भर सभेत बोलून दाखवले गेले. आणि टिपेचा सगळा डोलारा तर तुकड्यांवर उभा होता.

आक्षेप दुसऱ्या टोकाकडूनही आले. मेलाँचा रॉबर्ट हा स्वतः शाळेतला गुरू. टिपा घोकत बसणारे गुरू मूळ ग्रंथच विसरले आहेत, असे त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत खडसावले. सेंट व्हिक्टर मठाच्या वॉल्टरने आबेलार, गिल्बर्ट, लोम्बार्ड आणि प्वात्येचा पीटर या चौघांना फ्रान्सचे चार चक्रव्यूह म्हणून झोडपले.

या वादात सर्वांत सुंदर उत्तर कोणी दिले असेल तर ते बोझमच्या हर्बर्टने, आणि तेही समासातच. हर्बर्ट हा कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याचा सोबती. राजाशी बिनसल्यावर बेकेट फ्रान्समध्ये हद्दपारीत गेला आणि पहिली दोन वर्षे पोंतिन्यीच्या सिस्टर्शियन मठात राहिला. हर्बर्ट त्याच्याबरोबर होता. लोम्बार्डच्या स्तोत्रांवरच्या आणि पौलाच्या पत्रांवरच्या मोठ्या टिपेच्या प्रती हर्बर्टने सिद्ध केल्या. कोणते वाक्य कोणत्या आचार्याचे, ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्याने खुणा घालून दाखवले. आणि लोम्बार्डने एखादे मत चुकीच्या आचार्याच्या नावावर खपवले असेल तिथे समासात त्या आचार्याचे छोटेसे चित्र काढवून घेतले. एका ठिकाणी ऑगस्टीन उभा आहे. हातातल्या भाल्याचे टोक मजकुरातल्या त्या ओळीवर रोखलेले आणि सोबत दोन शब्द: ‘नॉन एगो’. मी नव्हे. साडेसातशे वर्षांपूर्वी मेलेला आचार्य आपल्या नावावर चाललेल्या मालाची जबाबदारी झटकतो आहे. हर्बर्टला हिब्रू येत होते, आणि पुढे स्तोत्रांवर स्वतंत्र भाष्य लिहिताना त्याने त्र्वाच्या राशी या यहुदी भाष्यकाराचा आधार घेतला. बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती विद्वानात ही दुर्मीळ गोष्ट. त्याचे हे चार खंड कँटरबरीच्या बेनेडिक्टाइन मठात गेले. आज ते केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय यांत वाटले गेले आहेत.

तेराव्या शतकात चित्र पालटले. हेल्सच्या अलेक्झांडरने १२२०च्या दशकात पॅरिसमध्ये बायबलऐवजी लोम्बार्डच्या ग्रंथावर व्याख्याने द्यायला सुरुवात केली, आणि मग ईशज्ञानाची पदवी घ्यायची तर ‘सेन्तेन्तिया’वर भाष्य करणे ओघानेच आले. टॉमस अक्वायनस, बोनाव्हेंतुरा, डन्स स्कोटस या सगळ्यांनी ते केले; अशा भाष्यांची संख्या हजारावर भरते. समासातून बाहेर पडलेल्या ग्रंथाला स्वतःचा समास मिळाला. सबंध बायबलाला एका खंडात, पातळ चर्मपत्रावर, टिपांविना, खिशात मावेल एवढे रूप आले ते याच शतकात. जुने जाडजूड सटीप ग्रंथ मठांच्या कपाटांत राहिले.

छपाईच्या युगात ‘प्रचलित टीप’ पुन्हा बाहेर आली. स्ट्रासबुर्गच्या अडॉल्फ रुशने ती १४८०च्या सुमारास चार मोठ्या खंडांत, हस्तलिखिताची तीच मांडणी खिळ्यांनी जुळवून, छापली. पुढे या सगळ्या टिपा नवव्या शतकातल्या वालाफ्रिड स्ट्राबो या मठाधिपतीच्या असल्याचा समज पसरला आणि एकोणिसाव्या शतकात मीन्यच्या लॅटिन ग्रंथमालेत त्या त्याच्याच नावावर छापल्या गेल्या. हा समज दूर करून श्रेय लाँकडे नेण्यात बेरिल स्मॉली या इंग्रज विदुषीचा वाटा मोठा आहे. त्याआधी १५१३ साली विटेनबर्गमध्ये एका तरुण ऑगस्टिनियन संन्याशाने स्तोत्रांवर व्याख्याने सुरू करताना गावच्या छापखान्यातून खास प्रती काढवून घेतल्या होत्या: ओळींत भरपूर अंतर, चहूबाजूंनी रुंद कोरे समास, टिपा लिहिण्यासाठी. तो मार्टिन ल्यूथर. पवित्र ग्रंथ एकटाच पुरेसा आहे हे पुढे जगाला सांगणाऱ्याची स्वतःच्या हाताने समास भरलेली ती प्रत वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात आहे.

‘ग्लोसा ऑर्दिनारिया’ची संपूर्ण चिकित्सक आवृत्ती आजवर निघालेली नाही; सुटे सुटे ग्रंथ तेवढे संपादित झाले आहेत. कामासाठी अभ्यासक बहुधा रुशच्या छपाईची १९९२ साली काढलेली छायाप्रतच उघडतात.